‘नाही’चा कागदही वाचावा

 

पस्तीस वर्षे मी मुलांना शिकवले. त्यातली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो. आता निवृत्त होऊन घरी आहे. तुम्ही दिवसभर शेतात राबलात, रात्री दिव्याखाली अक्षरे गिरवलीत, आणि आता वाचू लागलात. तुमच्यापुढे उभे राहताना मला आनंद वाटतो. पण आज मी तुम्हांला शहाणपण सांगायला आलेलो नाही. माझी एक चूक सांगायला आलो आहे. ती चूक न वाचण्याची आहे. मास्तराने न वाचण्याची!

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा दुधाच्या टेम्पोवर चालक आहे. भाऊ लवकर गेला. त्यामुळे या पोराचे बरेवाईट मीच पाहत आलो. मीच त्याला म्हटले होते, “बाळा, आजारपण सांगून येत नाही. विमा काढून ठेव.” त्याने ऐकले. आरोग्याचा विमा काढला. दरवर्षी हप्ता भरला. विम्याचे पुस्तक माझ्याकडे आणून दिले. मी ते कपाटात ठेवले. वाचले मात्र नाही. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी. म्हटले, वेळ आली म्हणजे पाहू.

वेळ आली. पोराची दोन्ही मूत्रपिंडे, म्हणजे किडन्या, निकामी झाल्या. त्याच्या आईने, माझ्या भावजयीने, आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. २०१८ साली शस्त्रक्रिया झाली. विमा कंपनीने रुग्णालयाचे बिल भरले. आम्ही सत्यनारायण घातला. वाटले, सुटलो.

पण तसे नव्हते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, की जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. का, ते पाहा. बाजारातून नवा बैल आणून गोठ्यात बांधला, तर जुनी जनावरे काय करतात? त्याला शिंगे मारतात. तो परका असतो. आपल्या शरीराचेही तसेच आहे. आत कोणी परके आले, की रक्तातले राखणदार त्याच्यावर धावून जातात. आईचे मूत्रपिंड असले तरी शरीराला ते परकेच. त्या राखणदारांना आवरून धरतात त्या या गोळ्या. जनावर शांत दिसले म्हणून आपण दावे सोडत नाही. तशाच या गोळ्याही सोडायच्या नसतात. एक दिवस नाही, एक वेळही नाही.

या गोळ्यांना महिन्याला १४ हजार रुपये लागत. पोराचा पगार १६ हजार. आता सांगा, घरात चूल कशी पेटायची?

दोन महिन्यांची बिले त्याने विमा कंपनीकडे पाठवली. कंपनीचे पत्र आले. मजकूर एवढाच, की घरी घ्यायची औषधे या विम्यात बसत नाहीत, सबब मागणी नामंजूर. पोराने ते पत्र घडी करून खिशात घातले. मला दाखवले नाही. आईलाही नाही. अण्णांनी आधीच पुष्कळ केले, आईने तर शरीराचा तुकडा दिला, आता आणखी कोणत्या तोंडाने मागू, असे त्याच्या मनात आले.

मग त्याने काय केले? दोन गोळ्यांच्या जागी एक घ्यायला लागला. महिन्याचा डबा दोन महिने पुरवू लागला. वरून तब्येत ठीक होती. कोणाला कळले नाही. आत मात्र शिंगे लागत होती.

पुढच्या तपासणीला गेला तेव्हा रक्तातला दोष वाढलेला निघाला. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून विचारले, “गोळ्या नेमाने घेतोस का?” पोर खाली मान घालून रडायला लागले. शेजारी त्याची आई बसलेली होती. ती एवढेच म्हणाली, “अरे, माझं दिलेलं तू असं वाया घालवतोस व्हय?” मंडळी, ते वाक्य मी अजून विसरलो नाही. कारण त्यात पोराइतकाच दोष माझाही होता.

त्या रात्री मी कपाटातले विम्याचे पुस्तक काढले. चष्मा लावला, शब्दकोश घेतला आणि वाचायला बसलो. पहाटे दोन वाजता मला ती ओळ सापडली. रुग्णालयात दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस, त्याच आजारासाठी लागलेल्या औषधांचा खर्च कंपनी देईल, असे तिथे छापलेले होते! विम्याची रक्कमही शिल्लक होती. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांची बिले कंपनीने द्यायलाच हवी होती. त्यापुढची मात्र देणे तिला बंधनकारक नव्हते.

यातून दोन गोष्टी मी शिकलो. पहिली अशी, की ‘नाही’ म्हणून आलेला कागद खरा असेलच असे नाही. दुसरी अशी, की तो कागद सगळाच खोटा असेल असेही नाही. कोणते ‘नाही’ खरे आणि कोणते खोटे, हे वाचल्यावरच कळते. खोट्या ‘नाही’शी भांडावे. खऱ्या ‘नाही’शी भांडत बसू नये. दुसरे दार शोधावे.

आधी भांडण कसे करायचे ते सांगतो. आवाज चढवायचा नाही. कागदाने भांडायचे. मी साध्या मराठीत असे पत्र लिहिले:

“महाशय, माझ्या विम्याचा क्रमांक अमुक आहे. तमुक तारखेला मला रुग्णालयातून घरी सोडले. त्यानंतरच्या ६० दिवसांत घेतलेल्या औषधांची बिले मी पाठवली होती. ती आपण नामंजूर केली. विम्याच्या पुस्तकात अमुक पानावर, अमुक कलमात, हा खर्च देण्याचे लिहिले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, बिले आणि घरी सोडल्याचा कागद यांच्या नकला जोडल्या आहेत. कृपया फेरविचार करावा. न दिल्यास कोणत्या कलमाखाली नाकारले ते लेखी कळवावे.”

खाली पोराची सही. पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवले. पावती जपून ठेवली. सगळ्या कागदांची झेरॉक्स घरी ठेवली. मूळ कागद हातचे सोडायचे नाहीत, बरे का!

महिन्याच्या आत दोन महिन्यांचे पैसे खात्यावर जमा झाले. कंपनीने क्षमा मागितली नाही. आम्हांलाही क्षमा नको होती, गोळ्या हव्या होत्या.

समजा, कंपनीने महिनाभर उत्तरच दिले नसते. किंवा पुन्हा ‘नाही’ म्हटले असते. मग? त्यासाठी विमा लोकपाल नावाचे अधिकारी नेमलेले आहेत. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. फी नाही. वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. त्यांनी निवाडा दिला, की तो कंपनीला पाळावा लागतो. विमा नियामकाचा १५५२५५ हा फोनही आहे. तिथेही तक्रार नोंदवता येते. फोनला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमा काढताना जुना आजार लपवू नका. एजंट म्हणतो, “राहू द्या हो, कशाला लिहिता?” तो लिहीत नाही, आणि पुढे तेच कारण दाखवून कंपनी पैसे नाकारते. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते. म्हणून वाचल्याशिवाय सही नको. पूर्वी आपला अंगठा धरून कोणी कागदावर टेकवत असे. आता आपल्याला अक्षर येते. मग न वाचता केलेली सही आणि धरून लावलेला अंगठा, यांत फरक काय राहिला?

आता खऱ्या ‘नाही’कडे वळू. दोन महिन्यांनंतरच्या गोळ्या विम्यात बसत नव्हत्या. १४ हजारांचा डोंगर उभाच होता. तेव्हा रुग्णालयातल्या एका ताईंनी आम्हांला वाट दाखवली. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक म्हणून माणसे नेमलेली असतात. गरजू रोग्याला मदत कोठून मिळेल ते सांगणे, हेच त्यांचे काम. आम्ही सहा महिने त्या दारावरून गेलो, पाटी डोळ्यांनी पाहिली, पण आत गेलो नाही. तुम्ही तसे करू नका. रुग्णालयात गेलात, की पहिल्या दिवशीच विचारा, “समाजसेवक कोठे बसतात?”

त्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “काका, ही औषधं कोणत्या नावाची घेता?” आम्ही डबा दाखवला. त्या म्हणाल्या, “हे कंपनीचं नाव झालं. औषधाचं नाव खाली बारीक अक्षरात आहे, ते वाचा.”

मंडळी, हे नीट समजून घ्या. प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक त्याचे मूळ नाव. दुसरे कंपनीने ठेवलेले नाव. मूळ नाव एकच असते, पण निरनिराळ्या कंपन्या तेच औषध निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या किमतींना विकतात. मूळ नावाने विकतात त्याला जेनेरिक म्हणतात. ते बहुधा पुष्कळ स्वस्त असते.

किती फरक पडतो, त्याचे एक खरे उदाहरण सांगतो. सोराफेनिब नावाचे औषध आहे. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर देतात. एका परदेशी कंपनीकडे त्याचा एकाधिकार, म्हणजे पेटंट, होते. पेटंट म्हणजे काय? तर २० वर्षे दुसऱ्या कोणी ते औषध काढायचे नाही, असा कायद्याचा हक्क. त्यामुळे महिन्याच्या औषधाला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. २०१२ साली सरकारने कायद्यातल्या एका कलमाचा उपयोग केला आणि हैदराबादच्या कंपनीला तेच औषध बनवण्याचा परवाना दिला. किंमत ठरली महिन्याला ८ हजार ८०० रुपये. औषध तेच. रोग तोच. किंमत पाहा!

अशी मूळ नावाची स्वस्त औषधे मिळावीत म्हणून सरकारने २००८ साली जन औषधी दुकाने सुरू केली. आज देशात अशी १५ हजारांहून अधिक दुकाने आहेत. पुष्कळ तालुक्यांच्या गावी आहेत. बाजारातल्या नामांकित औषधापेक्षा तिथले औषध निम्म्या किमतीला, कधी त्याहूनही कमी किमतीला मिळते. तालुक्याला गेलात, की जन औषधी केंद्राची पाटी वाचत जा.

मात्र एक सावधगिरी हवी. औषध आपल्या मनाने बदलू नका. आमच्या पोराच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण नेमके राहावे लागते. जास्त झाले तर अपाय, कमी झाले तर मूत्रपिंड जाते. म्हणून आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांना म्हटले, “साहेब, एवढी किंमत झेपत नाही. स्वस्तातलं चालेल का?” डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “हे आधीच का नाही सांगितलं?” त्यांनी चिठ्ठीवर मूळ नाव लिहून दिले. गोळी बदलल्यावर पुन्हा रक्त तपासले. प्रमाण बरोबर निघाले. तेव्हापासून तीच गोळी चालू आहे. खर्च महिन्याला १४ हजारांवरून ५ हजारांच्या आसपास आला.

डॉक्टरांना परवडत नाही असे सांगण्यात लाज कसली? उपाशी माणूस पोट भरले म्हणाला, तर त्याला कोण वाढणार?

५ हजारही सुरुवातीला जड होते. ताईंनी दोन धर्मादाय संस्थांना अर्ज लिहायला लावले. एका संस्थेने काही महिने औषधांचे पैसे थेट दुकानात भरले. मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक मंदिराचा न्यासही गरजू रोग्यांना उपचारासाठी मदत देतो. काही महाग औषधे बनवणाऱ्या कंपन्यांच्याही साहाय्य योजना असतात. ठरावीक औषध विकत घेतले, की पुढचे काही मोफत देतात. त्याची माहिती डॉक्टरांना असते. विचारल्याशिवाय ते सांगतीलच असे नाही.

आता सरकारची दारे ऐका.

पहिले दार गावाजवळचेच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात उपचारांना पैसे पडत नाहीत. रक्तदाब, मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. क्षयाची औषधे सरकार मोफत देते. दर महिन्याला मेडिकलमध्ये पैसे मोजण्याआधी आरोग्य केंद्रात विचारून पाहा. आशाताईंनाही विचारा.

दुसरे दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली, २०१७ साली हे नाव मिळाले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती आता जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा. पण इथेही वाचायला विसरू नका. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. दाखल असताना औषधे विकत आणायला लावली, तर आरोग्यमित्राला सांगा. योजनेत ती धरलेली असतात. १५५३८८ हा योजनेचा फोन आहे.

तिसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. मोठ्या आजाराच्या उपचारासाठी यातून मदत मिळते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. पैसे रोग्याच्या हातात देत नाहीत, रुग्णालयाच्या खात्यात जातात. म्हणून उपचार चालू असतानाच अर्ज करावा. सगळे बिल भरून झाल्यावर गेलात तर हात हलवत यावे लागेल.

चौथे दार धर्मादाय रुग्णालयांचे. न्यास म्हणून नोंदलेली मोठी खाजगी रुग्णालये असतात. १९५० च्या कायद्याखाली आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालय मोठे आणि चकचकीत दिसले म्हणून दारातून परत फिरू नका. पाटीवर ‘धर्मादाय’ शब्द आहे का, ते वाचा. असला तर उत्पन्नाचा दाखला काढून विचारा.

या कोणत्याही अर्जासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. “मी काम करून देतो, आधी एवढे टाका,” असे म्हणणारा माणूस तुमचे काम करीत नाही, स्वतःचे करतो.

मंडळी, सगळी दारे सगळ्यांना उघडतील, असे मी म्हणत नाही. आम्हांला दोन ठिकाणांहून नकार आला. एका अर्जाचे उत्तरच आले नाही. पण पाच ठिकाणी विचारले, म्हणून दोन ठिकाणी मिळाले. विचारलेच नसते तर पोर गोळी अर्धी करीतच राहिला असता.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. एक जाड पिशवी घ्या. तीत रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्या, बिले आणि विम्याचे पुस्तक तारखेप्रमाणे लावून ठेवा. विमा असेल तर त्याचे पुस्तक या आठवड्यातच वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेतल्या पोरांना, गुरुजींना दाखवा. माझ्या दारी आणा. मी आता कोणाचेही पुस्तक कपाटात ठेवत नाही.

आणि घरात कोणी नेमाने औषध घेत असेल, तर त्याला आज रात्री जेवताना विचारा, “गोळ्या पुऱ्या घेतोस ना रे?” नुसते विचारू नका. डबा उघडून मोजा. पैशापायी माणूस आपल्या माणसांपासूनही लपवतो. आमच्या पोराने लपवले होते. त्याच्या मूत्रपिंडाला तेव्हा थोडी इजा झाली, ती भरून निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने असेच गेले असते तर काही उरले नसते.

आज तो पुन्हा टेम्पो चालवतो. भावजय रोज सकाळी आणि रात्री घड्याळ पाहून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते. तिला पूर्वी वाचता येत नव्हते. मागच्या वर्षी ती याच वर्गात बसली. आता गोळीच्या डब्यावरचे मूळ नाव ती स्वतः वाचते. ते लांबलचक आहे, जीभ अडखळते. पण वाचल्याशिवाय ती गोळी हातावर ठेवत नाही.

एवढेच मला सांगायचे होते.